चंदनचं पांढरं कार्ड

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं बुधरीले इचारलं, दुखणं किती होते ते एक ते दहाच्या आकड्यात सांग. समोर एक कागदबी धरला. त्याच्यावर दहा तोंडं काढली होती, पहिलं हसरं अन् शेवटचं रडकं. बुधरीनं कागद पायला, माह्याकडं पायलं अन् म्हणली, "दोन पुडे." डॉक्टरीण पेन हातात धरून तशीच राह्यली. मंग मीच सांगतलं, म्याडम, आमच्या इकडं तेंदूची सत्तर पानं एकावर एक लावून बांधली का त्याले पुडा म्हणतात. ही बाई दुखणं सुरू झाल्यापासून हात आखडेपर्यंत किती पुडे बांधून होतात त्याच्यावरून दुखणं मोजते. वीस पुडे झाले तर बारीकसारीक दुखणं. दोन म्हणजे लय. डॉक्टरीणनं कागदावर नऊ लिहिलं. दहा लिवा म्हटलं मी, तिनं ऐकलं नाई.

मी गुणवंतराव. धानोऱ्याहून बावीस किलोमीटर आत एक उपकेंद्र हाय, तिथला आरोग्यसेवक. अठ्ठावीस साल झाले, मलेरियाच्या गोळ्या अन् रक्त तपासाच्या काचा घेऊन याच गावायनं फिरून राह्यलो. मी मूळचा इकडचा नाई, चिमूरकडचा, कास्तकाराच्या घरचा. पण आता तिकडं गेलो तर तिकडच्यायले मी जंगलातला वाटतो. तोंड माहं खराब हाय, हे आधीच सांगून ठेवतो. गोळी खाल्ली नाई तर बापाच्या वयाच्या माणसालेबी मी झाडतो. पण आज दुसऱ्याले झाडाले बसलो नाई. बुधरी नरोटेची गोष्ट सांगाची हाय, अन् तिच्यात झाडण्यासारखा माणूस एकच हाय.

बुधरी म्हणजे मुखरूची थोरली पोरगी. मी इथी आलो तवा सहा सालची होती अन् तिची माय तिले पाठीवर बांधून पुजाऱ्याकडं नेत होती. थंडी पडली का पोरीचे हातपाय दुखत. दुखत म्हणजे कसे, तर आरडून आरडून आवाज बसे अन् मंग नुसतं तोंड उघडं राहे. पुजाऱ्यानं धागा बांधला, झाडपाला दिला, देवाचं केलं. मी बापा काय केलं? मी संधीवाताची गोळी दिली. सहा सालच्या पोरीले संधीवात! तवा मले तरी काय ठाऊक होतं.

आश्रमशाळेत टाकली तर तिथी पहाटे थंड पाण्यानं आंघोळ. आठवड्यातून दोन दिवस ती खाटेवर. गुरुजी म्हणे पोरगी कामचोर हाय. चौथीत शाळा सुटली. सतरा सालची झाली तवा गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं अन् पहिल्यांदा त्या दुखण्याले नाव भेटलं. सिकलसेल. रक्तातल्या गोल गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, अन् जिथी अडकतात तिथलं मांस, तिथलं हाड जीव सोडाले लागते. बुधरीचा डाव्या बाजूचा खुबा असाच आतून सडला. तेव्हापासून ती काठी घेऊन चालते.

याच्यात कार्डं असतात. ज्याचं रक्त साफ, त्याले पांढरं. ज्याच्या रक्तात रोग हाय पण त्याले स्वतःले तरास नाई, त्याले पिवळं. त्याले वाहक म्हणतात. अन् ज्याले रोगच हाय त्याले लाल. पिवळ्यानं पिवळ्यासंगं लगन केलं तर लेकराले लाल होऊ शकते. पांढऱ्यानं पिवळ्यासंगं केलं तर लेकराले लाल होत नाई, म्हणजे नाईच होत. हे मले ट्रेनिंगमधी पाठ करून घेतलं होतं अन् मी अख्ख्या गावाले पाठ करून घेतलं. बुधरीले तर अशी पाठ होती का बाजूच्या गावातल्या बायका लगन जमवाच्या आधी तिच्याच आंगणात येऊन बसत. कार्डावर इंग्रजी अक्षरं असतात, पिवळ्यावर ए एस अन् लालवर एस एस. इंग्रजीतलं तिले तेवढंच वाचता येते.

तिच्यासाठीबी एक जण आला होता. चांगला होता बिचारा. काठीचं काई नाई म्हणे. बुधरीनं लाल कार्ड आणून त्याच्या हातात देलं, चहा पाजला अन् वापस पाठवला. मी म्हटलं, अवो, त्याचं कार्ड तरी पाहाचं होतं. तर म्हणे, "भाऊ, त्याचं पांढरं असतं तरी लेकराले पिवळं होईन. मले माह्यापाशीच संपवाचं हाय हे."

एवढंच तिचं म्हणणं होतं, पहिल्यापासून. दुखणं थांबन असं तिले वाटतच नव्हतं. ते आपल्यापाशी संपावं, पुढं कोण्या लेकराच्या वाटेले जाऊ नये, एवढंच तिले पाहिजे होतं. अन् तेवढंच मी तिच्याकडून हिसकलं.

मे महिन्याची गोष्ट, नऊ साल झाले. गावातल्या तिशीच्या आतल्या समद्यायचं रक्त तपासाले पथक आलं, दोन दिवसांसाठी. कोण्या शहाण्यानं मे महिन्यातली तारीख काढली देव जाणे. मे महिन्यात आमच्या इकडं तेंदूची तोडणी. पंधरा दिवसांचा हंगाम, त्याच्यावर साल निघते. गावात कुत्रंबी सापडत नाई. मी दोन दिवस फडीवर, जिथी पुडे विकाले नेतात तिथी, अन् जंगलात फिरफिरून एकेकाले धरून आणलं, शिव्या देल्ल्या, शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी यादीतल्या एकशे बारा नावांपैकी एकच राह्यलं. चंदन. बुधरीचा लहान भाऊ, तवा सोळा-सतराचा. तो नदीपलीकडच्या फडीवर राहालेच गेलता.

मुखरू आला. संगं पुतण्या बिरजू. बिरजूच्या पायाले कुऱ्हाड लागली होती म्हणून तो घरीच होता अन् त्याचं रक्त सकाळीच देऊन झालं होतं. मुखरू म्हणे, याचं घ्या अन् चंदनच्या नावावर मांडा. मी म्हटलं असं नाई चालत. त्याले समजेचना काऊन नाई चालत. अन् त्याचंबी खरंच होतं. फडीवर असंच तर चालते. ज्याच्या घरी कोणी बिमार हाय, त्याच्या पुड्यायच्या हिशेबाच्या कार्डावर भावकीतला दुसरा कोणी आपले पुडे टाकून देते. बुधरी एकदा अख्खा हंगाम खाटेवर होती तवा बिरजूनंच तिच्या नावावर पुडे टाकले होते, अन् कोणी त्याचं नावबी नाई काढलं. एका घरचे लोक, एका देवाचे लोक, एकाच रक्ताचे. एकानं दुसऱ्याच्या नावावर देलं तर कुठी बिघडलं?

मले ठाऊक होतं कुठी बिघडते. मुखरूले ठाऊक नव्हतं, मले होतं. पथकातला पोरगा पेटी बांधून राह्यला होता, गाडीवाला हॉर्न वाजवून राह्यला होता, अन् माह्या यादीत एकच रिकामा चौकोन. चंदन तर दणकट पोरगा, एका दमात नदी पोहून जाणारा. त्याच्या रक्तात काय निघन? मी मानेनं हो म्हटलं. बिरजूनं दुसऱ्या हाताचं बोट पुढं केलं. पथकातल्या पोरानं वरबी नाई पायलं.

बिरजूचं पांढरं निघालं. म्हणजे चंदनचंबी पांढरं निघालं. दोन्ही कार्डांवर नावं मी माह्याच हातानं लिहिली. पूर्ण तपासणी झालेलं गाव म्हणून मले तालुक्याले नारळ अन् प्रमाणपत्र देलं. ते प्रमाणपत्र काच लावून अजूनबी उपकेंद्रात टांगलं हाय. चंदन आला का गुपचूप त्याचं रक्त घेऊ, असं ठरवलं होतं. चंदन आला, तर धानाचे रोवणे लागले, मलेरिया सुरू झाला, अन् माह्या डोक्यातून निघून गेलं. निघून गेलं म्हणणंबी खोटंच हाय. मधी मधी आठवण येत होती, मी दुसरीकडं पाहत होतो.

मंग चंदनचं लगन निघालं. पोरगी रीना, मुरूमगावकडची. दोघायनं आपसातच ठरवलं होतं. बुधरी म्हणे आधी कार्ड. रीनाचं पिवळं निघालं. बुधरी काठी टेकत टेकत दोन किलोमीटर चालून उपकेंद्रात आली, चेहरा घामानं डबडबलेला. दोन्ही कार्डं माह्या टेबलावर मांडली, एक पांढरं, एक पिवळं. तिले नियम पाठ होता, तरी माह्या तोंडून ऐकाचा होता. लेकराले लाल होणार नाई ना, भाऊ?

मी त्या पांढऱ्या कार्डाकडं पाहत होतो. तिथंच म्हणता आलं असतं, चल, एकदा चंदनचं नव्यानं पाहून घेऊ. एक थेंब रक्त, दुसरं काय लागत होतं? पण मंग काऊन पाहाचं हेबी सांगा लागलं असतं. "पांढऱ्यासंगं पिवळं चालते," मी म्हटलं. "नाई होत."

ती हसली. बुधरी हसते तवा तिचे डोळे पिवळे दिसतात, रोगानं. पण चांगली हसते. मले म्हणे लगनात तुमाले नाचा लागन. नाचलोबी मी, मोहाची दोन द्रोण घेऊन, बेशरमासारखा.

चांगले दिवसबी आले नाई असं नाई. एक कॅप्सूल येते. ती रोज खाल्ली का दुखण्याचे झटके कमी होतात. वरून साठा आला का मी तिले नेऊन देतो. खाते तोवर ती घरचं समदं करते, मोहफुलं वाळवते, आंगणात बसून पुडे बांधते, येणाऱ्या जाणाऱ्याची मस्करी करते. मले म्हणे, भाऊ, तुमच्या पोटात एक पोतं धान मावन. मधीच साठा बंद होते. कधी दोन महिने, कधी तीन. कोणी सांगत नाई काऊन बंद झाला. तवा मी तिच्या गावाकडं जाणंच टाळतो, गेलो तर दुसऱ्या वाटेनं. मले तिचं ओरडणं ऐकाले येते ना. अठ्ठावीस साल झाले तरी सवय नाई झाली.

गेल्या साली गडचिरोलीच्या एका डॉक्टरनं तिले सांगतलं का आता रोग मुळातून काढता येते. सख्ख्या भावाच्या हाडातला गाभा काढून हिच्या अंगात टाकाचा. जुळला पाहिजे फक्त. जुळला तर नवं, साफ रक्त तयार होते, दुखणं नाई, झटके नाई. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासणी फुकट, पुढचा इलाजबी योजनेतून. डॉक्टरनं हेबी सांगतलं का जीवाले धोका हाय अन् वय जास्त झालं हाय. ते तिनं ऐकलं का नाई कोण जाणे. तिनं एकच इचारलं. "मंग मले रोवण्यात उतरता येईन का?"

रोवणा म्हणजे धान लावणं. गावातल्या समद्या बाया पाण्यानं भरलेल्या बांधीत रांगेनं वाकतात, गाणी म्हणतात, एकमेकीवर चिखल उडवतात. थंड पाण्यात पाय टाकला का बुधरीले झटका येते, म्हणून जन्मात ती कधी बांधीत उतरली नाई. काठावरच्या धुऱ्यावर बसून रोपायच्या पेंढ्या फेकून देते. तेहतीस सालच्या बाईले दुनियेत काय पाहिजे होतं, तर चिखलात उभं राहाचं होतं.

मंग त्या घरात उमीद शिरली. मले तर भेव वाटे. मुखरूनं देवाले कोंबडा कबूल केला. चंदन म्हणे माह्या हाडातलं समदं घ्या, मले काई नाई होत. बुधरीनं रीनाले सांगून ठेवलं का येत्या सालच्या रोवण्यात घराजवळची लहान बांधी तिची, तिच्यात कोणी हात लावाचा नाई. तिले मी एवढी खुश कधी पायली नव्हती. अन् मलेबी वाटे, चंदनचं जुळलं, ही बरी झाली, तर माह्यावरचं ओझं जराक उतरन. असा मी. तिच्या बरं होण्यातबी माहाच फायदा पाहत होतो.

तोवर चंदन-रीनाले पोरगी झाली होती, दीपिका. बुधरी तिले अंगावरून खाली ठेवत नसे. जानेवारीच्या थंडीत, पोरगी आठ महिन्यांची असताना, बुधरीनं मले तातडीनं बोलावलं. दीपिकाचे हात अन् पाय सुजले होते, दोन्ही हात, दोन्ही पाय, बोटं टरटरलेली. कोणी हात लावला का पोरगी किंचाळे. रीना म्हणे काईतरी चावलं असन. बुधरीनं त्या लेकराचा पाय आपल्या तळहातावर अलगद धरला होता, अन् तिचं तोंड उतरून गेलतं.

"माही माय सांगे, मी एवढी होती तवा मले असंच झालं होतं," ती म्हणली. "भाऊ, पाहा ना."

मी म्हटलं, येडी झाली का, पांढऱ्या-पिवळ्याच्या लेकराले कसं होईन? थंडीची सूज हाय. तापाचं औषध देलं, ऊन कपड्यानं शेकाले सांगतलं. पाच दिवसांत सूज उतरली. बुधरी चार लोकायच्या देखत मले म्हणे, तुमी होते म्हणून भाऊ, नाई तर मी भेवानं मेली असती. मी उपकेंद्रात वापस आलो अन् दार लावून बसलो. मले त्या दिवशी समजलं होतं. समजूनबी म्हटलं, नागपूरचं होऊन जाऊ दे, मंग पाहू.

नागपूरले आम्ही तिघं गेलो, बुधरी, चंदन अन् मी. पहिल्या खेपेले दोघा भावाबहिणीचं रक्त घेतलं अन् ते तोंडायच्या कागदाचं झालं. तीन हप्त्यांनी रिपोर्टसाठी बोलावलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, मी तिले काई वाईट नाई म्हणणार. खुर्ची ओढून बुधरीच्या जवळ बसली. भावाचं अर्धंच जुळते म्हणाली. अर्धं जुळून चालते अशा खटपटी कुठी कुठी होतात, पण बुधरीच्या शरीराले आता ते झेपणार नाई, आम्ही करणार नाई. तसं तर भाऊ वाहक आहेत, तेही चाललं असतं, पण जुळतच नाही.

अर्धं जुळते हे ऐकून बुधरीनं नुसती मान हलवली. पण वाहक म्हटल्यावर तिनं मान वर केली.

डॉक्टरीण पुढं सांगत होती. आता नवीन इलाज निघून राह्यला हाय, भावाची गरजच नाई, पेशंटच्याच पेशी बाहेर काढून दुरुस्त करून वापस टाकतात. परदेशात सुरू झाला, आपल्या इकडं प्रयोग चालू हायत, पाच-दहा वर्षांत येईल. उमीद सोडू नका. बुधरीनं टेबलावरचा चंदनचा रिपोर्ट आपल्याकडं फिरवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, तिथून हळूहळू सरकत सरकत पुढं गेली, अन् दोन अक्षरांवर थांबली. ए एस. तेवढंच तर तिले वाचता येते.

चंदनले काई समजलं नव्हतं. तो बहिणीचं जुळलं नाई म्हणून रडून राह्यला होता. बुधरीनं त्याच्याकडं नाई पायलं. डॉक्टरीणले इचारलं, "पाच का दहा?" डॉक्टरीण म्हणाली ते नक्की सांगता येत नाही.

बाहेर झाडाखाली सिमेंटचा ओटा होता. चंदनले तिनं पाणी आणाले पाठवलं. मंग मले इचारलं, कोणाचं बोट होतं? तिले कसं समजलं म्हणून मले नवल नाई वाटलं. फडीचा रिवाज तिलेबी ठाऊकच होता. मी म्हटलं बिरजूचं. अन् मंग समदंच सांगतलं, पेटी, हॉर्न, रिकामा चौकोन, तालुक्याचा नारळ. रडलोबी. रस्त्यानं जाणारे लोक पाहत होते. तिनं मले शिवी नाई देली. तिनं शिवी देली असती तर मी तिचे पाय धरले असते, माफी मागतली असती, काईतरी झालं असतं. ती म्हणली, बसची वेळ झाली.

घरी आल्यावर दीपिकाचं रक्त घेतलं. मीच घेतलं. लाल निघालं. लाल कार्डावर नाव मी माह्याच हातानं लिहिलं, अन् अक्षर इतकं वाकडं आलं का रीनानं ते हातात घेऊन लय वेळ पायलं. तेव्हापासून रीना माह्यासंगं बोलत नाई. बिरजू आला, त्याले वाटे त्यानं काईतरी पाप केलं. मी म्हटलं तुहं काई नाई रे बापा. मुखरू तेवढा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा इचारत होता. फडीवर तर कोणाचाबी पुडा कोणाच्याबी कार्डावर चालते, मंग तुमच्या इथी काऊन नाई चालत? मी त्याले नऊ साल आधी हे समजावून सांगाले पाहिजे होतं. पाच मिनिटं लागली असती.

वर मी कोणाले सांगतलं नाई. नोकरीच्या भेवानं. पुढच्या साली रिटायर होतो, पेन्शन हाय. हे असं लिहाले लाज वाटते, पण खरं तेच हाय.

त्याच्यानंतर बुधरीचे झटके वाढले. महिन्याले दोन, मंग तीन. कॅप्सूल चालू होती, साठाबी बराबर येत होता, तरी काऊन वाढले मले समजेना. मले वाटे, मनानं खचली, त्याचंच हाय. रोवणे लागले तवा ती धुऱ्यावरबी नाई गेली. घराजवळची लहान बांधी दुसऱ्या बायायनं लावून टाकली. दिवाळीनंतर एकदा गेलो तर एवढी सुकली होती का ओळखू येत नव्हती. दुखणं किती म्हटलं, तर म्हणे आता पुडे बांधतच नाई, कसं सांगू.

कॅप्सूल खाते ना, मी दरडावून इचारलं. भिंतीशी सरकून तिनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला अन् झाकण काढलं. आत कॅप्सूलची पाकिटं. नागपूरहून आल्यापासून मी दिलेली समदी. एकबी फोडली नव्हती.

"दीपिकासाठी ठेवल्या," ती म्हणली. "डॉक्टरीण म्हणे पाच-दहा साल लागतील नव्या इलाजाले. तोवर तिले निभावून न्या लागन ना. तुमचा साठा मधीच बंद होते."

ही बाई आठ-नऊ महिने गोळी न खाता ते दुखणं भोगून राह्यली होती, घरात कोणाले न सांगता. मी म्हटलं, बुधरी, दीपिकाले डॉक्टर वेगळी देईन, लहान लेकराचं माप वेगळं राहते. तिच्या नावानं तिची येईन. तिनं इचारलं, अन् नाई आली तर?

मी पाकीट उलटं केलं. मागं तारीख छापली होती. दोन सालच्या वर एकबी टिकणारी नव्हती. पाच साल, दहा साल, कुठली टिकते? एका वक्ती मी खोटं बोललो होतो. या वक्ती म्हटलं आता नाई. "दीड-दोन सालच्या पुढं हे चालणार नाई, बुधरी. तारीख निघून जाईन. मंग ते फेकाचंच."

ती म्हणली, "तवा खोटं बोल्ले, आता खरं बोलून राह्यले. दोन्ही वक्ती माह्यावरच आलं."

मी नवीन महिन्याची पाकिटं पिशवीतून काढून तिच्यापुढं ठेवली अन् विनवणी केली का माह्यासमोर एक तरी खा. आंगणात रीना दीपिकाले ऊन दाखवत बसली होती. लेकरू टाळ्या वाजवत होतं, त्या दिवशी त्याले काई दुखत नव्हतं. बुधरीनं तिकडं पायलं अन् नवीन पाकिटंबी डब्यात टाकली. मंग काईतरी आठवल्यासारखं करून समदी पाकिटं वापस चटईवर ओतली. म्हणे, एकेकाची तारीख वाचून सांगा. जवळच्या तारखेची वर ठेवते, लांबची खाली.

मी चष्मा लावला. एकेक पाकीट उचलून तारीख वाचली, महिना सांगतला, साल सांगतलं. ती ऐके अन् डब्यात रचे. समदी झाली तवा तिनं झाकण लावाच्या आधी चंदनले हाक मारली. तो दहावी शिकलेला हाय. डबा त्याच्यापुढं सरकवला अन् म्हणली, "तू वाच. भाऊनं बराबर सांगतलं का पाहा."

चंदन खाली बसला. माह्यासमोर एकेक पाकीट पुन्हा वाचलं. मी बराबरच वाचलं होतं.